डीव्हीडी स्टायलर: दोन अंकी नाटक तबकडीवर चढवताना

डीव्हीडी स्टायलर हे डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दिसायला ओबडधोबड आहे आणि नाटकाची डीव्हीडी करायला मी आज दुसरं काहीही वापरत नाही. ज्यांना "घेऊ का नको" एवढंच विचारायचं होतं त्यांचं काम इथेच झालं. पुढचं सगळं त्याच्या खोडींबद्दल आहे, कारण खोडी भरपूर आहेत आणि बहुतेकींवर उपाय आहे.

आधी "आता डीव्हीडी बघतं कोण" याचं उत्तर. रत्नागिरीतल्या आमच्या हौशी मंडळात मी प्रॉम्प्टिंग करते आणि प्रयोगाच्या चित्रीकरणाचं पुढचं सगळं माझ्याकडे असतं. राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग झाला की आठवड्याभरात विचारणा सुरू होते, "आमची सीडी कधी देतेस?" (डीव्हीडीला सीडीच म्हणायचं, हा नियम आहे.) पोरांना लिंक पाठवली की ती खूश. पण नेपथ्यवाले काका, म्हाताऱ्या भूमिका करणारे आमचे ज्येष्ठ नट, मेकअपवाल्या मावशी यांच्या टीव्हीखाली अजून प्लेअर आहे, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आहे, आणि त्यांना लिंक नको, कपाटात ठेवायला वस्तू हवी.

घरगुती डीव्हीडी करायची सोपी साधनं एकेक करून गेली. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टात आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत होता, विंडोज ८ पासून काढून टाकला. ॲपलचं आयडीव्हीडी फार देखणं होतं. २०११ पासून नव्या मॅकवर ते यायचंच बंद झालं. विकतची पॅकेजं मिळतात, पण त्यांतल्या एकाच्या चाचणी आवृत्तीने नायिकेच्या एंट्रीवर स्वतःचं नाव आडवं छापलं, त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. डीव्हीडी स्टायलर जीपीएल परवान्याखालचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि कुठे स्वतःचं नाव छापत नाही. उतरवून घेताना मात्र त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचून मगच पुढे जा. फुकट सॉफ्टवेअरबरोबर भलतंसलतं घुसवणारी पानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत.

हे सॉफ्टवेअर समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी कळली पाहिजे: काम ते स्वतः करतच नाही. आपल्याला दिसतो तो फक्त रंगमंच. विंगेत दुसरे छोटे प्रोग्रॅम राबतात: एफएफएमपेग व्हिडिओचं रूपांतर करतो, स्पमक्स मेनूची बटणं आणि उपशीर्षकं बसवतो, डीव्हीडीऑथर सगळं बांधून व्हिडिओ_टीएस फोल्डर तयार करतो, मग त्याची आयएसओ (अख्खी तबकडी एका फाइलमध्ये) बनते आणि शेवटी ती तबकडीवर लिहिली जाते. काम अडलं की पडद्यावर फक्त लाल अक्षरांत काहीतरी येतं आणि माणूस घाबरून खिडकी बंद करतो. बंद करू नका. तपशील उघडून नोंदी वाचा. अडलेली जागा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत असते आणि तिथे कुठल्या कलाकाराने मान टाकली त्याचं नाव असतं. एफएफएमपेग दिसलं तर दोष तुमच्या व्हिडिओ फाइलमध्ये शोधा, स्पमक्स दिसलं तर मेनूत किंवा उपशीर्षकात, डीव्हीडीऑथर दिसलं तर रचनेत. विकतच्या पॅकेजांत "अज्ञात त्रुटी" एवढंच येतं, त्यापेक्षा हे मला कितीतरी परवडतं.

नवा प्रकल्प उघडला की पहिल्याच चौकटीत पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) हा प्रश्न येतो, आणि निम्मी दुखणी इथेच जन्म घेतात. भारतात पाल, म्हणून सगळे डोळे मिटून पाल निवडतात. पाल म्हणजे सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), प्रत्येक ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. आपल्याकडे विकले गेलेले कॅमकॉर्डर याच हिशेबाने चित्रण करतात, त्यांच्यासाठी पाल बरोबरच आहे. पण फोन सहसा ३० चौकटी घेतो. ३० च्या २५ करायच्या म्हणजे प्रत्येक सहावी चौकट टाकायची, आणि मग नट रंगमंचावरून सरळ चालत गेला तरी अडखळत गेल्यासारखा दिसतो. सगळं चित्रण फोनवरचं असेल तर सरळ एनटीएससी घ्या. सेकंदाला २९.९७ चौकटी मिळतात, आडव्या रेषा ४८० वर येतात, पण चाल सुरळीत राहते. आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरना दोन्ही चालतात. प्रोग्रॅमच्या त्याच पहिल्या चौकटीत ध्वनीचा प्रकारही ठरतो. तिथे एसी३ घ्या, म्हणजे पाल असो वा एनटीएससी, अडचण येत नाही.

फोनची दुसरी खोड याहून वाईट. अंधार झाला की बरेच फोन आपणहून चौकटींचा वेग कमी करतात, उजेड जास्त वेळ आत यावा म्हणून. म्हणजे एकाच फाइलमध्ये वेग कमीजास्त होत राहतो. नाटकात दर पाच मिनिटांनी अंधार! पहिल्या प्रवेशात संवाद आणि ओठ जुळलेले, अंक संपता संपता टाळी आधी आणि हात नंतर. लोक याचं खापर डीव्हीडी स्टायलरवर फोडतात. दोष फाइलचा असतो. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. फ्रेमरेट मोडपुढे "व्हेरिएबल" लिहिलेलं दिसलं की ती फाइल आधी हँडब्रेक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढायची, व्हिडिओच्या पानावर "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून. मगच ती डीव्हीडी स्टायलरमध्ये आणायची. वेळ जातो, पण सवयीने मी आता प्रत्येक फोन-फाइल आधी अशीच धुऊन घेते. ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर तो ४८ किलोहर्ट्झवर घ्या. गाण्याच्या सीडीचे ४४.१ डीव्हीडीला चालत नाहीत, बदलून घ्यावेच लागतात.

कॅमकॉर्डरची अडचण निराळी. एव्हीसीएचडी (एचडी कॅमकॉर्डरची एक पद्धत) कॅमेरा लांब चित्रण एका फाइलमध्ये ठेवत नाही, ठरावीक आकार झाला की पुढची एमटीएस फाइल सुरू करतो. या फाइली सुट्या सुट्या आत टाकल्या तर सांध्यावर क्षणभर आवाज जातो किंवा चित्र थबकतं, आणि नाटकाच्या सांध्यावर नेमकं एखाद्याचं टाळीचं वाक्य असतं. उपाय म्हणजे आधी सांधून घेणं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रॅमने करा, नाहीतर विंडोजच्या काळ्या खिडकीत "कॉपी" आज्ञेला "बी" जोडून एकामागून एक चिकटवा. एकाच सलग चित्रणाचे तुकडे असतील तर ही दुसरी पद्धत छान चालते. वेगवेगळ्या वेळी बटण दाबून घेतलेल्या तुकड्यांना ती लावू नका.

आता नाटकाचा खरा शत्रू: काळोख आणि लांबी. नुसती ४.७ जीबीची तबकडी म्हणजे विंडोजच्या मोजणीत ४.३७ जीबी. तासाभराचं चित्रण असेल तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट वाट्याला येतात, दोन तासांचं असेल तर ५.२, तीन तासांचं असेल तर साडेतीन. आमचं नाटक मध्यंतर सोडून सव्वादोन तासांच्या आसपास जातं, म्हणजे ध्वनी वजा जाता साडेचारच्याही खाली. उजेडातल्या लग्नाला एवढं चालून जातं. नाटकात निळा स्पॉट, मागे काळे पडदे आणि कॅमेऱ्याची अंधारात उठणारी मुंग्यांसारखी रवाळ हालचाल. एमपेग-२ ला (डीव्हीडीवर चित्र दाबून बसवायची पद्धत) ते सगळं हलतं चित्रच वाटतं, बिचारा मुंग्या रेखाटण्यात सगळे बिट खर्च करतो आणि नटीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

डीव्हीडी स्टायलर बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट ते, आपोआप ठरवतो आणि खालच्या पट्टीत किती मिनिटं बसतील ते दाखवत राहतो. ही सोय सुरेख आहे, फक्त ती तुम्हाला सावध करत नाही. चार तास कोंबाल तर चार तास बसवून देईल, दर्जा तुमचं तुम्ही बघा. माझा उपाय साधा आहे. नाटक दोन अंकी, तबकड्या दोन. पहिला अंक एकीवर, दुसरा दुसरीवर, मध्ये ज्याने त्याने आपापला चहा करून घ्यायचा. असं केल्यावर बिटरेट भरपूर मिळतो, तरी मी तो ८ मेगाबिटच्या वर जाऊ देत नाही. नियमाने व्हिडिओला ९.८ पर्यंत मुभा आहे, पण घरी लिहिलेल्या तबकडीवर एवढा वेग जुन्या प्लेअरला झेपत नाही आणि चित्र अडकतं. ८.५ जीबीची दुहेरी थराची तबकडी हा दुसरा मार्ग आहे, मला तो आवडत नाही. तबकडी महाग, थर बदलताना चित्र क्षणभर थांबतं, आणि काकांचा प्लेअर ती ओळखेल याचा भरवसा नाही. हँडब्रेकमध्ये फाइल धुताना हलकासा डीनॉइज (रवाळपणा पुसायची सोय) लावला तर मुंग्याही कमी होतात. जास्त लावलात तर चेहरे मेणाचे होतात.

ज्यांना एकाच तबकडीवर दोन्ही अंक हवेत त्यांनी हे करावं: पहिल्या टायटलच्या (तबकडीवरचा एकेक व्हिडिओ म्हणजे टायटल) गुणधर्मांत "पोस्ट कमांड" म्हणून जागा असते, तिथे मेनूकडे परत जायची आज्ञा लिहिलेली असते. ती काढून "जंप टायटल २" अशी आज्ञा इंग्रजीत लिहा, शेवटी अर्धविराम विसरू नका. पहिला अंक संपला की दुसरा आपोआप लागतो. हे न केल्यास मध्यंतरानंतर मेनू येऊन बसतो आणि घरचे समजतात नाटक संपलं.

जुन्या प्रयोगांची चित्रणं ४:३ मध्ये आहेत, नवी १६:९ मध्ये. दोन्ही एकाच टायटलसेटमध्ये (टायटलांच्या गटात) टाकली की डीव्हीडीऑथर तक्रार करतो, किंवा बनवून देतो आणि सगळे नट लांबुडके दिसतात. एका टायटलसेटमधल्या सगळ्या चित्रांचा आकार आणि प्रकार एकच हवा, हा डीव्हीडीचाच नियम आहे. जुन्यांसाठी नवा टायटलसेट जोडायचा, त्याचं प्रमाण ४:३ ठेवायचं. व्हीएचएस किंवा मिनी-डीव्हीवरून उतरवलेलं जुनं चित्रण असेल तर रेषांचा क्रम बघा. डीव्ही फितीत खालची फील्ड (चौकटीतल्या एकाआड एक रेषांचा संच) आधी असते. क्रम उलटा बसला की टीव्हीवर प्रत्येक हालचाल थरथरते आणि संगणकावर मात्र लक्षात येत नाही.

देवनागरीचं बोलायलाच हवं, कारण इंग्रजी मदतपानांत हे कुणी लिहिणार नाही. पाठीमागची अवजारं जुन्या वळणाची आहेत, त्यांना मराठी नावांचे फोल्डर देऊ नका. "प्रयोग अंतिम" अशा फोल्डरात ठेवलेली फाइल सापडत नाही म्हणून काम थांबलं की कारण कळायला फार वेळ लागतो. ड्राइव्हवर थेट एक छोट्या रोमन नावाचा फोल्डर, त्यात सगळ्या फाइली, मध्ये जागा न सोडलेल्या. तबकडीचं नावही मोठ्या रोमन अक्षरांत, आकड्यांत आणि खालच्या रेघेत भागवायचं. नाटकाचं मराठी नाव मेनूवर झोकात येऊ द्या. पण तेही मी प्रोग्रॅममध्ये टंकत नाही. पार्श्वभूमीचं चित्र दुसरीकडे तयार करते, प्रयोगाचा फोटो आणि त्यावर नाव, आणि ते चित्र आत आणते. बटणांवर फक्त १ आणि २ ठेवते. अक्षरं कडेपासून जरा आत असू द्या, जुने टीव्ही कडा कापतात. बटण निवडल्यावर रंग बदलतो तो थर फक्त चार रंगांचा असतो, त्यातला एक पारदर्शक. नाजूक छटा, सावल्या तिथे टिकत नाहीत. एक ठसठशीत पिवळा पुरे.

खरी गंमत उपशीर्षकांची. आम्ही एक मालवणी नाटक केलं होतं आणि नागपूरच्या नातेवाइकांसाठी खाली प्रमाण मराठी ओळी हव्या होत्या. डीव्हीडी स्टायलर एसआरटी (उपशीर्षकांची साधी मजकूर फाइल) घेतो, फाँट विचारतो, सगळं रीतसर. पण स्पमक्स अक्षरं एकापुढे एक नुसती ठेवत जातो, देवनागरीची जोडणी त्याला येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फाँट कितीही बदला, फरक पडत नाही. तेव्हा मराठी उपशीर्षकं चित्रातच कायमची छापून घ्यायची: एफएफएमपेग किंवा हँडब्रेक हे काम ज्या लायब्ररीतून करतात तिला देवनागरी नीट मांडता येते. निर्मला किंवा नोटो देवनागरी फाँट, अक्षर मोठं. रिमोटने ती बंद करता येत नाहीत हे खरं, पण वाचता तरी येतात. इंग्रजी उपशीर्षकं मात्र डीव्हीडी स्टायलर झकास लावतो, चालू-बंद करता येतील अशी.

तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या तेही तो शेवटच्या चौकटीत विचारतो आणि लोक तिकडे बघत नाहीत. एका तबकडीसाठी १० जीबी तरी मोकळे हवेत, कारण आधी फोल्डर बनतो आणि त्याच आकाराची आयएसओ वेगळी. पेनड्राइव्हवर किंवा जुन्या हार्डडिस्कवर ही जागा दिली आणि ती फॅट३२ (फाइली ठेवायची जुनी मांडणी) असेल तर आयएसओ ४ जीबीला येऊन हमखास मरते. जागा रिकामी दिसत असते, म्हणून डोकं चालेनासं होतं. ड्राइव्ह एनटीएफएस करून घ्या.

याच चौकटीत थेट "बर्न" करायचा पर्याय आहे. तो मी घेत नाही. "आयएसओ तयार करा" निवडते, मग ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून मेनू, उड्या, आवाज बघते. व्हीएलसी उदार आहे, चुकलेली डीव्हीडीही चालवून दाखवतो, म्हणून पहिली तबकडी लिहिल्यावर ती आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या प्लेअरमध्ये घालते. लिहायचं काम इमगबर्न या प्रोग्रॅमवर. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तरी विंडोजवर अजून ठणठणीत चालतं आणि लिहून झाल्यावर पडताळणी करतं. वेग ४ किंवा ८ एक्स ठेवा, १६ लिहिलेलं असलं तरी. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या, प्लस-आर नको. बाहेरचा यूएसबी रायटर असेल तर त्याला हब लावू नका. वीज कमी पडली की अर्ध्यात तबकडी वाया जाते आणि दोष सॉफ्टवेअरचा वाटतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लिहायचं काम फक्त लॅपटॉपवर, बॅटरी भरून. स्वस्त गठ्ठ्यातल्या तबकड्यांचं काय होतं ते मी बघितलंय: एका पावसाळ्यात कडेचा शेवटचा भाग वाचेनासा झाला, आणि कडेला म्हणजे नाटकाचा शेवट.

कोकणातल्या दमट हवेसाठी डीव्हीडी स्टायलरमधली एक सोय मला फार आवडली. आयएसओ बनवताना उरलेल्या जागेत दुरुस्तीची माहिती भरता येते, डीव्हीडिझास्टर नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने. पुढे तबकडी थोडी खराब झाली तर त्याच प्रोग्रॅमने ती वाचवता येते. दोन तबकड्यांवर विभागलेलं असलं की या माहितीला जागाही उरते. कागदी लेबल चिकटवू नका, हवेने सुटतं आणि प्लेअरच्या आत अडकतं. सीडी मार्करने नाव लिहायचं.

तक्रारी राहिल्याच. तयार टेम्प्लेटं बघवत नाहीत, मराठी नाटकाला साजेल असं त्यात काही नाही. रूपांतर संथ आहे, जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपायचं. प्रकल्प जतन केल्यावर व्हिडिओ फाइल जागची हलवली की तो ती शोधत बसतो. आणि ज्यांना नोंदी वाचायच्याच नाहीत, नुसतं पुढे-पुढे दाबायचंय, त्यांनी हे घेऊ नये, गावात अजून एखादा व्हिडिओवाला असेल तर त्याच्याकडे जावं.

मी पाचपैकी चार तारे देते. एक तारा देवनागरीसाठी कापला आहे.